उन्हाळ्यांतील घरचा थंडावा

चैत्राचें ऊन तापूं लागलें कीं शहरांतील घरोघर एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलें रस्त्यावरच्या सरबताच्या गाडीकडे बोट दाखवितात, वडील मंडळी घसा, सर्दी व ताप यांची भीति घालतात, आणि अखेर एखाद्या दुपारीं कोणीतरी चोरून बर्फाचा गोळा खाऊन येतोच. या वादांत दोन्ही पक्षांचें थोडें थोडें खरें असतें. तापलेल्या शरीराला गारवा हवासा वाटतो, ही मागणी अवाजवी नव्हे. बाहेरच्या बर्फाविषयींची शंकाहि अनाठायीं नव्हे. मात्र त्या शंकेचें खरें कारण गारठ्यांत नसून पाण्यांत आहे.

ज्या पाण्याचा बर्फ केला, तें पाणी जसें असेल तसाच तो बर्फ असतो. पाणी गोठलें म्हणजे विषमज्वराचे किंवा पटकीचे जंतु मरून जातात, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कांहीं जंतु मरतात. बाकीचे नुसते निजून राहतात आणि पेल्यांत बर्फ विरघळला कीं पुन्हा जागे होतात. शिवाय कारखान्यांतून बाहेर पडणारा सगळाच बर्फ खाण्यासाठीं केलेला नसतो. मासळी टिकविण्यासाठीं किंवा माल गार ठेवण्यासाठीं जो बर्फ करतात, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असें नाहीं. आणि लादी एकदां गोणपाटांत गुंडाळून हातगाडीवर चढली म्हणजे ती कशासाठीं केलेली होती, हें डोळ्यांना ओळखतां येत नाहीं. याच कारणास्तव २०१८ सालीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें अखाद्य बर्फांत निळा रंग मिसळावा असा हुकूम काढला. तरीहि लादी निळी नाहीं एवढ्यावरून ती निर्धोक आहे, असें समजणें भोळेपणाचें होईल. घरापुरता सुरक्षित नियम अगदीं साधा आहे : बाजारचा बर्फ भांड्याच्या बाहेर असावा, आंत कधींहि नसावा.

हा नियम पाळल्यानें गारव्यांत कांहींच कमी पडत नाहीं. कोणतीहि वस्तु थंड करणें म्हणजे तिच्यांतील उष्णता काढून घेणें. ती उष्णता घेणाऱ्या बर्फाचा पेयाला स्पर्श झालाच पाहिजे असें नाहीं. घरांतला माठ तर बर्फावांचूनच हें काम करतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतें व वाऱ्यानें उडून जातें. एक ग्रॅम बर्फ वितळतांना सुमारें ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. तेवढ्याच पाण्याची उन्हाळ्यांतील हवेंत वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी खर्च होतात, व त्यांतील बराच भाग माठांतल्या पाण्यांतूनच येतो. म्हणून माठ झिरपलाच पाहिजे. तो चकचकीत रंगविलेला घेणें, वा कपाटाच्या कोंदट कोपऱ्यांत ठेवणें, म्हणजे त्याचा श्वासच कोंडणें होय. तिवईवर, सावलींत, वाऱ्याच्या वाटेवर त्याची जागा असावी, आणि बाहेरचें अंग आठवड्यांतून एकदां नुसत्या काथ्यानें घासावें. नागपूरच्या कोरड्या उन्हांत माठाचें पाणी जितकें गार होतें, तितकें मुंबईच्या दमट हवेंत होत नाहीं; तो दोष कुंभाराचा नव्हे. वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी पाण्यांत सोडली तर सुगंध येतो, व त्या सुगंधानें पाणी आहे त्याहून गार भासतें.

अशा पाण्यानें करावयाच्या पेयांत पहिला मान पन्ह्याचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीबरोबर तें ठरलेलें असतें. पण एरव्हींहि उन्हांतून आलेल्या माणसाच्या हातीं देण्यासारखें त्याच्याइतकें दुसरें पेय नाहीं, कारण घामावाटे गेलेलें पाणी व मीठ तें दोन्ही परत देतें. कैऱ्या वाफवून त्यांचा गर काढावा व एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ चांगला एकजीव करावा. वेलदोड्याची पूड, मीठ, आणि ऐपतीप्रमाणें केशराच्या दोन काड्या पुरेत. कैरी निखाऱ्यावर भाजून घेतली तर पन्ह्याला खमंग धुरकट चव येते. तीहि कांहीं घरांत आवडते. हा दाट गर कांचेच्या बरणींत, गार जागीं ठेवावा व पितेवेळींच त्यांत पाणी घालावें. आधींच पाणी घालून ठेवलेलें पन्हें लवकर आंबतें, व दुसऱ्या दिवशीं त्याची चव बिघडली कीं दोष बिचाऱ्या कैरीला येतो.

कोकमाची रीति निराळी. ताज्या रातांब्याच्या साली व साखर यांचे बरणींत एकावर एक थर रचावे, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावा आणि बरणी आठवडाभर उन्हांत ठेवावी. साखर सालींतला रस आपल्याकडे ओढून घेते, व थेंबभरहि पाणी न घालतां बरणीच्या तळाशीं गर्द तांबडा पाक जमूं लागतो. त्याच्या एका वाट्याला चार-पांच वाटे पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभर मीठ घातलें कीं सरबत तयार. ज्या शहरांत रातांबे पोंचत नाहींत तेथें सुकीं आमसुलें भिजवून काम भागवावें. परंतु त्यांना अनेकदां मूळचेंच मीठ लावलेलें असतें, तेव्हां चव पाहिल्याशिवाय मिठाला हात लावूं नये. पन्हें काय किंवा कोकम काय, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत कळकतो. कांच किंवा स्टेनलेस स्टील बरें. ताक सर्वांना येतें. त्याविषयीं सांगावयाचें तें इतकेंच कीं तें पातळ असावें. उन्हाळ्यांत दाट ताकाचा पाहुणचार करणें म्हणजे तहानलेल्याला जेवावयास बसविणें होय.

पाहुणे आले व माठाचा गारवा अपुरा वाटला, तर परातींत बर्फाचे खडे पसरून त्यांत सरबताचा तांब्या बुडवून ठेवावा व मधून मधून ढवळावा. सरबत लवकरच गार होतें. पेल्यांत खडे टाकण्याची हौसच असेल, तर उकळून निवविलेल्या पाण्याचे घरीं गोठवावे.

बर्फ या देशाच्या सपाट प्रदेशाला तसा उशिरांच भेटला. १८३३ सालीं बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें अमेरिकेंतील गोठलेल्या पाण्यावरून कापलेला बर्फ जहाजानें कलकत्त्यास पाठविला. सुमारें चार महिन्यांच्या प्रवासांत बराचसा वितळूनहि निम्म्याहून अधिक माल टिकला. मुंबईला अमेरिकेचा बर्फ आला तो पुढल्याच वर्षीं. त्यापूर्वीं श्रीमंतांच्या घरीं पाणी गार करण्याचा एक उपाय होता तो सोऱ्याचा; ‘आइन-इ-अकबरी’ त त्याचें वर्णन आहे. सोऱ्याच्या पाण्यांत पाण्यानें भरलेलें दुसरें भांडें फिरवीत, आणि सोरा विरघळतांना त्या भांड्याची उष्णता घेई. म्हणजे गार करणारा पदार्थ बाहेर व पिण्याचें पाणी आंत, हा विवेक तेव्हांहि होता.

आइस्क्रीमच्या पॉटांत हीच युक्ति पुढें गेलेली दिसते. दूध शून्य अंशावर गोठत नाहीं. त्यांतील साखरेमुळें तें आणखी खालीं जावें लागतें. नुसता वितळता बर्फ मात्र शून्याच्या खालीं जात नाहीं, म्हणून तो दूध गार करील पण गोठवूं शकणार नाहीं. त्यांत मीठ मिसळलें कीं बर्फ शून्याच्या खालींहि वितळत राहतो व त्यासाठीं लागणारी उष्णता आंतल्या डब्यांतून खेंचतो. वजनानें तीन भाग बर्फाला एक भाग जाडें मीठ घेतलें, तर मिश्रण तत्त्वतः उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊं शकतें. घरच्या बादलींत तितकें खालीं जात नाहीं, व तशी गरजहि नसते.

एक लिटर दूध उकळून थोडें आटवावें व त्यांत दीडशे ग्रॅम साखर घालावी. गरम असतांना तें जरा अधिकच गोड लागलें पाहिजे, कारण थंड जिभेला गोडी कमी जाणवते. पण साखर फारच झाली तर दूध गोठण्याचें नांव घेत नाहीं. हापूसचा रस घालावयाचा असेल तर तो दूध पूर्ण थंड झाल्यावर, नाहींतर दूध फाटण्याची भीति. डबा दोन-तृतीयांशच भरावा, कारण घुसळतांना हवा शिरून आइस्क्रीम फुगतें. बादलींत बर्फ व मीठ यांचे थर द्यावे आणि दांडा आधीं सावकाश, मग जोरानें फिरवावा. हें फिरविणें केवळ मेहनतीसाठीं नसतें : दूध स्थिर गोठलें तर बर्फाचे मोठे, दांतांखालीं करकरणारे स्फटिक होतात; हलतें राहिलें तर ते बारीक राहतात व जिभेला मऊ लागतात. वीस-पंचवीस मिनिटांनीं दांडा जड होतो. मे महिन्याच्या सुट्टींत जमलेलीं भाचरें पहिल्या पांच मिनिटांत दांड्यासाठीं भांडतात व शेवटच्या पांचांत दिसेनाशीं होतात. म्हणून पाळ्या आधींच ठरवाव्या. डबा उघडण्यापूर्वीं झांकणाचा कांठ पुसण्यास विसरूं नये. खाऱ्या पाण्याचा एक ओघळ साऱ्या श्रमांवर मीठ शिंपतो.

ज्या घरांत पॉट नाहीं, तेथें कुल्फी करावी. तिला घुसळावें लागत नाहीं, कारण दूध निम्म्याहून खालीं आटविलें कीं स्फटिक होण्यास मोकळें पाणीच थोडें उरतें. रेफ्रिजरेटरच्या बर्फाच्या कप्प्यांत पातळ दुधाचें आइस्क्रीम खडबडीत होतें, पण कुल्फी साधते ती यामुळेंच. जुन्या पद्धतीनें करावयाची तर पत्र्याच्या नळकांड्यांत आटीव दूध भरावें, झांकणें कणकेनें लिंपावीं, आणि नळकांडीं माठांत बर्फ-मिठांत पुरून माठ अधून मधून हलवावा. काढतांना नळकांडें क्षणभर साध्या पाण्यांत बुडवून, नीट पुसून, दोन्ही तळव्यांत फिरविलें कीं कुल्फी अलगद सुटते. अर्धवट वितळलेली पुन्हा गोठवूं नये. दुधांत जंतु वाढण्यास तेवढा अवधि पुरतो.

माठांत किंवा बादलींत उरलेलें खारें पाणी तुळशीच्या कुंडींत कोणीं ओतूं नये. तें पसरट थाळींत गच्चीवर उन्हांत ठेवलें तर मीठ परत मिळतें. तें खाण्याच्या उपयोगाचें नसलें, तरी पुढच्या खेपेच्या बर्फाला चालतें.