राखीव बॅटरी आणि राखीव निधी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या वायरिंगवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझे घर सुरतेस. तेथून 2022 साली भावनगर, अमरेली, राजकोट व अहमदाबाद या मार्गांवर एका इंजिनाची, नऊ आसनी सेस्ना विमाने सुरू झाली. भावनगरला जाताना खाली खंबायतचे आखात लागते. एवढ्याशा विमानातील वीज वाटेत गेली तर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला हिशेबशास्त्रच उपयोगी पडले.

शिकाऊ वैमानिकांचे सेस्ना 172 हे विमान उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो पुरवतो. म्हणून वीज गेली तरी इंजिन चालू राहते. धोका असतो तो रेडिओ आणि विजेवर चालणाऱ्या उपकरणांना. अल्टरनेटर म्हणजे चालू उत्पन्न, मुख्य बॅटरी म्हणजे हातची रोकड. उत्पन्न थांबले की सारा खर्च रोकडीवर पडतो. तीही संपली की राखीव बॅटरीची पाळी येते.

तिच्या जोडणीत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ती केवळ अत्यावश्यक उपकरणांनाच जोडावी. दुसरी, ही उपकरणे व मुख्य वायरिंग यांच्यामध्ये डायोड असावा. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे राखीव वीज उलट फिरून बिघडलेल्या भागात वाहून जात नाही. तिसरी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तारेला कोणतेच संरक्षण नसते.

आता हिशेब पाहू. समजा, बॅटरी 7 अँपिअर-तासांची आहे. जुनेपणामुळे 5 धरू. अत्यावश्यक उपकरणांचा खर्च 4 अँपिअर असेल, तर ती सव्वा तास पुरेल. त्यात 8 अँपिअरचा एक दिवा वाढवला, तर अवघी 25 मिनिटे! म्हणजे बॅटरी मोठी घेण्याइतकेच खर्चाला कात्री लावणेही मोलाचे आहे.

पडद्यावर माहिती दाखवणाऱ्या नव्या सेस्ना 172 मधील राखीव बॅटरी सुमारे अर्धा तास पुरते. इंजिन सुरू करण्यापूर्वी वैमानिक चाचणीची कळ 20 सेकंद धरून ठेवतो आणि हिरवा दिवा टिकतो का, ते पाहतो. दिवा विझला, तर बॅटरी कामाची नाही.

ताळेबंदात दाखवलेला राखीव निधी बँकेत खरोखर आहे का, हे लेखापरीक्षक तपासतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की येथे तपासणी चुकली तर दुरुस्तीची नोंद करायला पुढचे वर्ष मिळेलच असे नाही.