गिलानसेवा, रक्तपरीक्षा आणि कल्याणमित्रता

उत्तर नागपुरातील एका विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक उपासिका आमच्याजवळ आली. तिच्यासोबत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. अंगाने किरकोळ, डोळ्यांत पिवळसर झाक. धम्मदेसना संपून लोक पांगेपर्यंत ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, माह्या पोराच्या वाट्याले हे मागच्या जन्माचंच आलं असन का जी?"

मुलाला सिकलसेल होता. हातापायांच्या दुखण्याने तो वर्षातून तीन-चार वेळा रुग्णालयात भरती होत असे. 'पूर्वजन्मीचे भोग' हे उत्तर तिला कोणी शेजाऱ्याने दिले होते. ते उत्तर घेऊन ती विहारात आली, याचे आम्हास दुःख झाले. त्याहून अधिक दुःख याचे झाले की, इतक्या वर्षांत विहारातून तिला दुसरे उत्तर मिळाले नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. यंत्रयुगाने रक्ताच्या एका थेंबातून भविष्य सांगण्याची सोय केली आहे. त्या ज्ञानाने माणसे एकमेकांच्या जवळ येतात की दुरावतात, हा मात्र यंत्राचा नव्हे, धम्माचा प्रश्न आहे.

रोगाचे स्वरूप

आपल्या रक्तातील लाल पेशी गोल व लवचीक असतात आणि साधारणपणे १२० दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात, म्हणून पंडुरोग व कावीळ दिसते. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, म्हणून हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य वेदना उठतात. पाणी कमी पडणे, थंडी, ताप, अतिश्रम यांनी हा त्रास उफाळतो. नागपूरच्या वैशाखातील उन्हात अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या पेशींचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूच्या साखळीतील नेमका एक दुवा बदललेला असल्याचे सिद्ध केले. भारतात या पेशी १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत व आसामच्या मळेकामगारांत आढळल्या. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोलंकी यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात १९५८ साली आला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी आपल्या भागातील या रोगाची नोंद जगापुढे आली होती. विदर्भात हा रोग आदिवासी समाजांत, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजात व काही अन्य समाजांतही आढळतो. आपल्या वस्त्यांत तो अनेक घरांचा सोबती आहे.

तो कसा येतो?

हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एकत्र राहण्याने होत नाही. तो माता व पिता या दोघांकडून येतो. प्रत्येक मनुष्याजवळ या गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक वडिलांची. दोन्ही सदोष असतील तर तो रुग्ण. त्यालाच आपल्याकडे 'एसएस पॅटर्न' म्हणतात. एकच सदोष असेल तर तो 'एएस' म्हणजे वाहक. वाहक हा सर्वसाधारणपणे निरोगी असतो. तो शिकतो, राबतो, खेळतो आणि कित्येकदा तपासणी होईपर्यंत त्याला काहीच ठाऊक नसते.

पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन व पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. येथे एक गैरसमज फार प्रचलित आहे. "पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली निघतील," असे लोक समजतात. तसे नाही. मडक्यात चार चिठ्ठ्या आहेत व काढलेली चिठ्ठी दर वेळी परत मडक्यात टाकली जाते, असे समजावे. मडक्याला मागची चिठ्ठी आठवत नाही. जोडीदारांपैकी एकच वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर एकही अपत्य रुग्ण होत नाही. निम्म्या शक्यतेने ते वाहक होते, इतकेच. एक वाहक व दुसरा रुग्ण असेल, तर अपत्य रुग्ण होण्याची शक्यता निम्मी असते.

सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की, रुग्ण अपत्याचा 'दोष' एकट्या मातेच्या माथी मारणे हे गणिताच्याच विरुद्ध आहे. तरीही सुनेला माहेरी धाडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

हा गुण आपल्यात का टिकला, याचेही उत्तर विज्ञानाजवळ आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. जेथे डासांचे राज्य होते तेथे वाहक अधिक जगले. हा कोणत्याही कुळाचा कलंक नव्हे. रान आणि दलदल यांच्याशी झुंजत जगलेल्या पूर्वजांची ती खूण आहे.

पूर्वकर्माचा प्रश्न

आता त्या उपासिकेचा मूळ प्रश्न. संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात सीवकसुत्त आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, मनुष्याला जे सुख, दुःख वा उपेक्षा जाणवते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय? तथागत त्याला वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतूचा पालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात व कर्मविपाक. सगळ्याला पूर्वकर्माचेच नाव देणारे लोक स्वतःच्या अनुभवालाही ओलांडतात आणि जगात सत्य म्हणून मान्य असलेल्या गोष्टीलाही ओलांडतात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

अभ्यासक या नात्याने हे सांगणे आम्हास प्राप्त आहे की, आठवे कारण म्हणून कर्मविपाक या यादीत आहे. तो आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु सुत्ताचा रोख स्पष्ट आहे. रोगाचे कारण शरीरात व परिस्थितीत शोधता येते आणि ते तसे शोधावे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाच्या माथी मारण्यास स्पष्ट नकार दिला. दुःखिताला त्याच्याच दुःखाचा अपराधी ठरविणारी ती विचारसरणी आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो. ती रोगाच्या निमित्ताने मागच्या दाराने घरात येत असेल, तर दार लावून घेणे आपले काम आहे. त्या मातेला आम्ही सांगितले की, तुमच्या मुलाने काही केलेले नाही व तुम्हीही काही केलेले नाही.

गिलानाची सेवा

विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग आहे. तथागत आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत असता त्यांना अतिसाराने पीडित असा एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला दिसला. त्याची सेवा कोणी करीत नव्हते, कारण तोही कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी पाणी मागविले. त्यांनी पाणी ओतले व आनंदाने त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचावर निजविले. नंतर संघाला बोलावून त्यांनी समजावले की, येथे तुमची सेवा करायला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची करावी.

त्यापुढील भाग उपासकांच्या वाचनात सहसा येत नाही. तेथे सेवेस सुलभ अशा रुग्णाचे पाच गुण दिले आहेत. तो पथ्याचे पालन करतो, पथ्यातही मात्रा जाणतो, औषध घेतो, सेवकाला आपला आजार वाढला, थांबला की उतरला हे खरे सांगतो आणि वेदना सहन करतो. सेवकाचेही पाच गुण आहेत. तो औषधाची योजना करू शकतो, पथ्य-अपथ्य जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करतो, घाणीचा किळस मानीत नाही आणि योग्य वेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करतो.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट दिसते. रुग्णाने खरे सांगावे ही अपेक्षा आहे. पण खरे सांगितल्यावर किळस न करणारा, मैत्रीचित्ताचा सेवक समोर असावा, ही तिची दुसरी बाजू आहे. आपल्या समाजात पहिलीची मागणी होते व दुसरीचा विसर पडतो. वधू-वर परिचय मेळाव्यात उंची, शिक्षण, नोकरी सारे सांगितले जाते. तपासणीचा कागद मात्र कपाटात राहतो. मुलीचे 'एएस' बाहेर फुटले तर तिचे लग्न मोडेल, धाकट्या बहिणींचेही मोडेल, ही भीती खोटी नाही. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर समाज असत्य शिकतो. मग दोन वाहकांचा विवाह अजाणता होतो व शिक्षा तिसऱ्याच जिवाला भोगावी लागते.

पोटजात आणि रक्त

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात असल्याचे सांगितले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात त्यांनी मिश्रविवाहावर भर दिला. ही समाजशास्त्रीय मीमांसा होती, पण रक्तशास्त्र तिला दुजोरा देते. ज्या लहान वर्तुळात हा गुण अधिक आहे, त्याच वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या विवाह होत राहिले की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. धम्मदीक्षेनंतरही विदर्भात बौद्धांच्या लग्नात बावणे, लाडवण, कोसरे अशी चौकशी कुजबुजत होते, हे आपण सर्व जाणतो. ही कुजबूज धम्माशी विसंगत आहेच, आरोग्यालाही घातक आहे. अर्थात वर्तुळाबाहेर विवाह केला म्हणजे धोका संपला, असेही नव्हे. दुसऱ्या समाजातील जोडीदारही वाहक असू शकतो. म्हणून पोटजात विचारण्याचे सोडावे आणि दोन्ही बाजूंनी तपासणी करून घ्यावी.

साधने आणि माणसे

तपासणी सोपी आहे. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकला असता ते गढूळ झाले, तर सिकल हिमोग्लोबिन असल्याचा संकेत मिळतो. वाहक की रुग्ण हे मात्र इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढील चाचणीनेच ठरते, म्हणून पहिल्या चाचणीवर थांबू नये. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने अनेक रुग्णांचे वेदनेचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते. लसीकरण, फॉलिक ॲसिड व भरपूर पाणी यांची जोड हवी. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकीय उपचारांस मान्यता मिळाली. परंतु त्यांची किंमत अमेरिकेत २० लाख डॉलरहून अधिक आहे. आपल्या वस्तीतील मातेला आज त्याचा उपयोग नाही. तिला उपयोग आहे तो पाण्याच्या बाटलीचा, वेळेवर औषधाचा आणि सोबत येणाऱ्या शेजाऱ्याचा.

हे काम साध्या माणसांनीच उभे केले आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांची बाजू आयुष्यभर लावून धरली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आपल्या चळवळीत जलशांनी व शाहिरांनी विचार घरोघर नेला. वामनदादा कर्डकांच्या परंपरेत वाढलेल्या गायकांनी आज सिकलसेलवर गीत रचले, तर ते आमच्या दहा लेखांहून अधिक काम करील. मोबाइलवर भोंदू औषधांच्या जाहिराती जितक्या वेगाने फिरतात, तितक्याच वेगाने असे गीतही फिरू शकते.

विहारांकडून अपेक्षा

आनंद एकदा म्हणाला की, कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय. तथागतांनी त्याला दुरुस्त केले की, अर्धे नव्हे, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. त्या कल्याणमित्रतेच्या कसोटीवर आम्हास पुढील गोष्टी कराव्याशा वाटतात. तपासणी लग्न ठरण्याच्या वेळी नव्हे, महाविद्यालयीन वयातच व्हावी. तेव्हा ती शिक्षणाचा भाग असते, सौद्याचा नव्हे. मुलगा व मुलगी दोघांचीही व्हावी. निष्कर्ष ज्याचा त्याला एकांतात सांगावा. विहाराच्या फलकावर वा मोबाइलच्या गटात तो कधीही जाऊ नये. दोन वाहकांचा विवाह झालाच असेल तर तो मोडण्याचा सल्ला कोणी देऊ नये. गर्भावस्थेच्या प्रारंभीच होणाऱ्या तपासणीची माहिती द्यावी व निर्णय त्या दोघांवर सोपवावा. आणि प्रत्येक विहाराने वस्तीतील रुग्णांसाठी चार तरुणांची सोबत उभी करावी, जी रात्री-अपरात्री रुग्णालयात जाईल.

ती उपासिका पुढच्या पौर्णिमेला पुन्हा आली. मुलगा पायरीवर बसून इतर मुलांशी बोलत होता. या वेळी तिने कर्माविषयी विचारले नाही. "सर, याच्या मोठ्या बहिणीची तपासणी कुठं करू जी?" असे तिने विचारले. शेजारी उभ्या असलेल्या दोन तरुणांनी आपण सोबत येतो म्हणून सांगितले.