छोट्या मोटारींची शर्यत : आधी मंडळ, मग मोटार

रिमोटवर पळणारी मोटार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकदा तरी येऊन गेली असेल. खुलताबादच्या उरुसात नाहीतर भद्रा मारुतीच्या जत्रेत पोराने हट्ट धरला, आजोबांनी कनवटीचे पैसे सोडले आणि मोटार घरी आली. चार दिवस ती ओसरीवर पळाली. पाचव्या दिवशी चाक निखळले, सहाव्या दिवशी सेल संपले आणि पुढे ती माळ्यावर धूळ खात पडली. घरची माणसे म्हणाली, "पैसे पाण्यात गेले!" त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

पण याच मोटारीला एक थोरला भाऊ आहे. तो जत्रेत मिळत नाही. त्याची शर्यत लागते, शर्यतीला नियम असतात आणि ती भरवणारी हौशी मंडळे म्हणजे क्लब देशोदेशी आहेत. आज ना उद्या आपला मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर ही शर्यत पाहून म्हणेल, "बाबा, मला अशी मोटार पाहिजे." त्या वेळी लगेच 'हो'ही म्हणू नका आणि 'नाही'ही म्हणू नका. आधी ही गोष्ट नीट समजून घ्या.

खेळणे वेगळे, मोटार वेगळी

जत्रेतली मोटार मोडली की संपली. शर्यतीच्या मोटारीचा मात्र प्रत्येक भाग स्क्रू काढून सुटा करता येतो आणि मोडलेला भाग तेवढा बदलता येतो. नेहमीचे माप म्हणजे खऱ्या मोटारीच्या एक दशांश. वजन सुमारे दीड किलो, लांबी जेमतेम दोन विती. आत बॅटरी, विजेची मोटर, वेग कमी-जास्त करणारा स्पीड कंट्रोलर, पुढची चाके वळवणारा सर्व्हो आणि हातातल्या रिमोटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर असतो.

हा खेळ कालचा नाही. इटलीतल्या एल-जी कंपनीने १९६६ साली रेडिओवर चालणारी फेरारी बाजारात आणली. जपानमधील शिझुओका शहराच्या तामिया कंपनीने १९७६ साली विजेवर पळणारी छोटी पोर्श काढली आणि ही हौस घरोघर गेली. १९८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेल मार येथे एक दशांश मापाच्या विजेवरच्या मोटारींची मातीवरची पहिली जागतिक शर्यत झाली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९९८ सालापासून भरणाऱ्या टेकफेस्ट या तंत्रज्ञान मेळ्यातही रिमोटच्या मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत. त्यांत मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्या बारक्या इंजिनांच्या मोटारीही पळाल्या.

अगदी लहान मुलांसाठी 'मिनी फोर-व्हील-ड्राइव्ह' नावाचा प्रकार तामियाने १९८२ साली काढला. तिला रिमोट नसतो. पेन्सिल सेल दोन घालायचे, बटण दाबायचे आणि दोन्ही बाजूंना भिंत असलेल्या पन्हळीसारख्या वाटेत सोडून द्यायचे. चाके, गिअर, मोटर निवडून जो नीट जोडणी करील त्याची मोटार पुढे. खर्च थोडा, शिकायला मात्र बरेच. सुरुवातीला ही मोटार पुष्कळ.

माचाणावरून मोटार हाकणे

शर्यत चालते कशी, ते पाहू. चालवणारे सगळे एका उंच फळीवर ओळीने उभे राहतात, ज्वारी राखायला आपण माचाणावर उभे राहतो तसे. तेथून सारी वाट दिसते. आपल्याकडे 'उंटावरून शेळ्या हाकणे' याला नावे ठेवतात, पण या खेळात तेच कसब आहे! मोटार आपल्यापासून दूर जात असते तेव्हा डावे ते डावेच असते. ती आपल्याकडे तोंड करून आली की डाव्याचे उजवे होते. पहिले काही दिवस प्रत्येक जण याच ठिकाणी आपटतो.

एकेका गटाची शर्यत साधारण पाच मिनिटांची. त्या वेळात ज्याचे फेरे जास्त, तो पुढे. एखादी मोटार उलटली तर चालवणाऱ्याने माचाणावरून खाली धावायचे नाही. कोपऱ्याकोपऱ्यांवर दुसरी माणसे उभी असतात. ती मोटार सरळ करून देतात. त्यांना मार्शल म्हणतात.

आता वाचकहो, या खेळातला सगळ्यात मोलाचा नियम ऐका. ज्यांची शर्यत झाली, त्यांनीच पुढच्या गटासाठी मार्शल म्हणून कोपऱ्यावर उभे राहायचे. जिंकलेला असो की हरलेला, नवा असो की जुना, यातून कोणाची सुटका नाही. जो उभा राहत नाही, त्याची चांगली फेरी पुष्कळ क्लबांत रद्द धरतात.

ही आपली सावडच नव्हे काय? आज तुमच्या रानात माझी बैलजोडी, उद्या माझ्या रानात तुमची. पेरणीच्या घाईत सावड मोडणाऱ्याला गाव कसे ओळखून असते, ते तुम्हांला सांगायला नको. क्लब म्हणजे या खेळातली सावड. म्हणूनच म्हणतो, आधी मंडळ, मग मोटार. एकट्याने घेतलेली महागडी मोटार आणि जत्रेतली मोटार यांचा शेवट एकाच माळ्यावर होतो. सोबतीला चार जण असले तर मोडलेला भाग कोठे मिळतो हे कळते, दुरुस्ती शिकायला मिळते आणि हरायचीही सवय होते.

मुलांच्या हाताला काय लागते?

तुम्ही म्हणाल, "खेळ खरा, पण शेतकऱ्याच्या घरी याचा उपयोग काय?"

ट्रॅक्टरचा गिअर बदलला की ओढ वाढते आणि वेग घटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. छोट्या मोटारीतही तेच. मोटरवरचे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, कमी दात्यांचे लावले तर ओढ चांगली, वेग कमी. जास्त दात्यांचे लावले तर वेग वाढतो, पण मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते. चिखलात एक चाक फिरत राहिले की ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक लावतात. छोट्या मोटारीतही डिफरन्शियल असतो आणि त्यात घट्ट की पातळ तेल घालायचे यावर वळणावरची पकड ठरते. ज्या मुलाने हे एकदा स्वतःच्या हाताने उघडून लावले, त्याला पुस्तकातला तोच धडा अवघड जात नाही.

दुसरी गोष्ट फवारणीच्या ड्रोनची. केंद्र सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे तिचे उद्दिष्ट ठरले. त्या ड्रोनच्या पोटात काय असते? लिथियम बॅटरी, स्पीड कंट्रोलर, मोटर आणि रिसीव्हर. म्हणजे छोट्या मोटारीचाच गोतावळा. शिवाय आपला जिल्हा मोटारींच्या धंद्याला परका नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तर छत्रपती संभाजीनगरात स्कोडाच्या गाड्या २००१ सालापासून जोडल्या जाऊ लागल्या. छोटी मोटार उघडली म्हणून कोणाला नोकरी लागत नाही. पण यंत्राची भीती जाते आणि ती गेली की पुढची वाट सोपी होते.

यात मुलींना मागे ठेवू नका. मोटार हाकायला मनगटाचे बळ लागत नाही. नजर आणि शांत डोके लागते.

खर्चाचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे. हौशी मोटार काही हजारांपासून सुरू होते आणि वरची पायरी कितीही उंच जाते. शिवाय बॅटरी, चार्जर, टायर, तुटणारे भाग यांचा खर्च मोटार घेतल्यावरच सुरू होतो. पीककर्जाचा किंवा खत-बियाण्याचा पैसा या हौसेत घालू नये, हे सांगणे नलगे.

शहाणे क्लब यावर एक उपाय करतात. एका गटातल्या सर्वांनी सारखीच मोटर आणि सारखीच बॅटरी वापरायची. मग पैसेवाल्याच्या पोराचा वेग जास्त आणि गरिबाच्या पोराचा कमी असे होत नाही. हात कोणाचा चांगला, एवढेच ठरते. तुम्ही ज्या मंडळात जाल, तेथे हा नियम आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

आणखी एक गोष्ट विचारा : येथे पैज लागते का? आपल्याकडे शंकरपट आणि बैलगाडा शर्यतींचे वेड जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. छोट्या मोटारीच्या शर्यतीत कोणा मुक्या जनावराला दुखापत नाही, हे चांगलेच. पण शर्यत बैलाची असो की बॅटरीची, पैशांची पैज आली की हौस संपते आणि घर बुडायला लागते. जेथे पैज लागते, तेथे मुलाला पाठवू नका.

बॅटरी म्हणजे विस्तव

या खेळात घाबरावे अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. तिच्या एका घराचा दाब ३.७ व्होल्ट धरतात. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्याहून जास्त भरली तर ती फुगते आणि पेटते. ३ व्होल्टच्या खाली उतरली तर खराब होते. म्हणून तिचा स्वतंत्र चार्जर असतो. दुसऱ्या कोणत्याही चार्जरवर ती लावू नये.

आपल्या घरांत दिवाळीनंतर कापूस भरलेला असतो, पडवीला कडबा असतो. अशा ठिकाणी ही बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका. मोकळ्या जागी, फरशीवर, शेजारी वाळूची बादली ठेवून आणि जागेपणी समोर बसून ती भरावी. रात्री लावून झोपणे तर मुळीच नाही. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, उन्हात ठेवू नये. नवशिक्या मुलांना पहिली दोन-तीन वर्षे निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी द्यावी. ती थोडी जड असते, पण स्वभावाने गरीब असते.

चालू-बंद करण्याचा क्रमही पाठ करा. आधी हातातला रिमोट चालू करायचा, मग मोटार. बंद करताना आधी मोटार, मग रिमोट. उलट केले तर मोटार हुकुमाविना सुसाट सुटू शकते. दीड किलोची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने आली तर ती एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. नडगीवर बसली तर हाड मोडेल. म्हणून पाहणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, फळीच्या आडोशालाच उभे राहावे. गावच्या रस्त्यावर ही मोटार कधीही पळवू नये.

कोठे जावे, कसे सुरू करावे?

चौकशी शहरापासून करा. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे रोबोटचे आणि मोटारींचे गट असतात. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला हौशी मंडळींचा पत्ता बहुधा ठाऊक असतो. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशात दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आहेत. सहावी ते बारावीची मुले तेथे हाताने वस्तू बनवतात. जवळच्या कोणत्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे, ते गुरुजींना विचारा.

गावातच मंडळ काढायचे असेल, तर पाच-सहा घरे पुरेत. चार्जर एक, हत्यारांची पेटी एक, सुरुवातीला मोटारीही दोनच, सर्वांच्या वर्गणीतून. बचत गटासारखी वही ठेवा. जमा-खर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा.

ट्रॅक करणे तर आपल्या हातचा मळ! खळे कसे करतात, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जागा सपाट करायची, पाणी शिंपडायचे आणि माती चोपून घट्ट करायची. निव्वळ काळी माती नको, ती वाळली की भेगाळते. आपल्या डोंगराकडचा बारीक मुरूम तिच्यात मिसळावा. वाटेच्या कडेला ठिबकच्या जुन्या, टाकून दिलेल्या नळ्या खुंट्यांनी बसवाव्यात. मोटार धडकली तरी मोडत नाही. सुगी आटोपल्यावर, सकाळच्या गारव्यात, धूळ बसावी म्हणून हलके पाणी मारून शर्यत लावावी. शर्यत झाली की मोटार ब्रशने झाडून पुसावी, कारण धूळ बेअरिंगची वैरीण आहे.

आणि पहिल्या दिवशी मंडळात जाताना मुलाच्या हातात मोटार देऊ नका. रिकाम्या हाताने पाठवा. त्याला कोपऱ्यावर उभे राहू द्या, दुसऱ्यांच्या उलटलेल्या मोटारी सरळ करू द्या, दुरुस्ती करणाऱ्याशेजारी बसून स्क्रू मोजू द्या. असे तीन-चार रविवार तो आनंदाने गेला, तर समजा की हौस खरी आहे, आणि मग त्याच्यासाठी मोटारीचा विचार करा. दुसऱ्याच रविवारी कंटाळला, तर तुमचे हजारो रुपये वाचले आणि मुलाचे काही बिघडलेही नाही.