अतिक्रांतिक द्रायूत इलेक्ट्रॉनचे रेणूंशी संलग्नन

विरल वायूत मुक्त इलेक्ट्रॉन एखाद्या रेणूशी जोडला जाईल की नाही, हे प्रामुख्याने त्या रेणूच्या इलेक्ट्रॉन-आसक्तीवरून ठरते. कार्बन डाय-ऑक्साइडची आसक्ती ऋण, सुमारे −०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे एकाकी रेणूने पकडलेला इलेक्ट्रॉन अल्पावधीतच सुटून जातो. असे असता अतिक्रांतिक ईथेनमध्ये हाच रेणू इलेक्ट्रॉन स्वीकारतो, पुन्हा सोडतो, आणि दोन्ही क्रियांचा समतोल प्रस्थापित होतो. याचे कारण काय?

ईथेनचे क्रांतिक तापमान सुमारे ३२° से. आहे. त्यावरील तापमानास द्रव व वायू हा भेद उरत नाही. दाब वाढवीत गेल्यास घनता सलगपणे वाढत जाते. अशा माध्यमात आयनाभोवतालचे रेणू त्याच्या विद्युत् क्षेत्रामुळे ध्रुवित होतात व त्याची ऊर्जा खाली आणतात. आयनाची त्रिज्या ३ आंगस्ट्रॉम व माध्यमाचा विद्युत् अपारक स्थिरांक १.५ मानल्यास, बॉर्नच्या सूत्राप्रमाणे ही घट सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. उपर्युक्त उणीव तिने भरून निघते. तथापि मुक्त इलेक्ट्रॉनची स्वतःची ऊर्जाही माध्यमात बदलते. तिचा हिशेब घेतल्यावर उरणारा लाभ अल्प असतो. म्हणूनच समतोलाचा कल घनतेनुसार बदलतो.

मापनाचे तत्त्व सरळ आहे. क्ष-किरणांच्या क्षणिक स्पंदाने द्रायूत इलेक्ट्रॉन निर्माण करावयाचे व दोन विद्युत् अग्रांमधील प्रवाह पाहावयाचा. इलेक्ट्रॉन आयनापेक्षा कितीतरी चपळ असल्याने तो बांधला जाताच प्रवाह घटतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे होलरॉइड व जपानचे निशिकावा यांनी १९९० नंतरच्या दशकात असे प्रयोग केले. दाबाबरोबर समतोलांक कसा बदलतो यावरून संलग्ननातील आकारमानाचा बदल काढता येतो. तो ऋण असून, जेथे द्रायूची संपीड्यता कमाल असते तेथेच त्याचे मूल्यही सर्वाधिक असते.

याचा अर्थ असा की, मुक्तावस्थेत विस्तृत प्रदेशात पसरलेला भार रेणूवर एकवटताच सभोवतालचे रेणू त्याच्याकडे खेचले जातात. संपीड्यता जितकी अधिक, तितके हे आकुंचन मोठे. परंतु बॉर्नचे सूत्र माध्यम सर्वत्र एकसारखे मानते, आणि क्रांतिक बिंदूच्या परिसरात नेमके हेच गृहीत ढासळते. यास्तव, आयनानजीकची घनता विचारात न घेता सरासरी घनतेवरून काढलेले निष्कर्ष अत्यंत सावधपणे स्वीकारले पाहिजेत.