ताम्रभरण, मुद्रित मंडलातील
मुद्रित मंडलावरील (पीसीबीवरील) मार्गिका व घटकांचे जोड यांमधील मोकळी जागा तांब्याच्या सलग थराने व्यापण्याच्या योजनेस ताम्रभरण म्हणतात. व्यवहारात त्यास ‘कॉपर पोर’ हे नाव रूढ आहे. हा थर बहुधा ग्राउंडच्या जाळ्यास जोडलेला असतो. त्यामुळे परतीच्या प्रवाहास कमी रोधाचा मार्ग मिळतो व घटकांची उष्णता पसरते. नेहमीच्या 35 मायक्रोमीटर जाडीच्या थरात कोणत्याही चौरसाच्या समोरासमोरील कडांमधील रोध, चौरस लहान असो वा मोठा, सुमारे 0.5 मिलिओहम असतो.

मंडलाचा अभिकल्प करणाऱ्या संगणक प्रणालीत अभिकल्पक प्रत्यक्ष तांबे रेखाटीत नाही. तो क्षेत्राची सीमा आखतो व नियम ठरवितो. क्षेत्र कोणत्या जाळ्याचे, इतर जाळ्यांपासून अंतर किती, तांब्याची किमान रुंदी किती, हे ते नियम होत. भरण त्यांवरून गणिताने निघते. फ्रान्समधील झां-प्येर शारास यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या कीकॅड या प्रणालीत परस्परांवर येणाऱ्या क्षेत्रांपैकी मोठा अग्रक्रमांक असलेले क्षेत्र आधी भरले जाते. दुसऱ्यास उरलेली जागा मिळते.

जोड थराने पूर्ण वेढल्यास डाख देताना उष्णता थरात निघून जाते व डाख कच्चा राहतो. म्हणून जोडाभोवती फट ठेवून तो काही अरुंद पट्ट्यांनीच थराशी जोडतात. मोठा प्रवाह वाहणाऱ्या जोडास मात्र पूर्ण संपर्क देतात. मार्गिकांमुळे तुटून कोणत्याही जोडाशी संबंध न उरलेल्या तुकड्यास ‘बेट’ म्हणतात. ते शेजारच्या मार्गिकांतील संकेत एकमेकींत पोचवू शकते. म्हणून ते वगळतात किंवा आरपार छिद्राने ग्राउंडच्या थरास जोडतात.

मार्गिका हलविली तरी आधी गणलेले भरण आपोआप बदलेलच असे नाही. जुने भरण तसेच राहून मार्गिका त्यावरून गेली, तर निर्मितीसाठी काढलेल्या गर्बर फायलींत दोन जाळी एकत्र येतात व तयार मंडलात शॉर्ट सर्किट होते. यास्तव फायली काढण्यापूर्वी सर्व क्षेत्रे पुन्हा भरून नियमतपासणी करणे आवश्यक असते. तथापि ही तपासणी मुख्यत्वे जोड व अंतरे पाहते. मार्गिकेखालील ग्राउंडच्या थरास चीर पडली असल्यास उच्च कंप्रतेचा परतीचा प्रवाह वळसा घेतो आणि प्रवर्तकता व विद्युत् चुंबकीय उत्सर्जन वाढतात; तरीही जोड अखंड असल्याने तपासणीत दोष आढळत नाही. त्यामुळे प्रत्येक थराचे अंतिम भरण अभिकल्पकाने स्वतः पाहणे अपरिहार्य ठरते.