एक्टाक्रोम फिल्मचे पुनरागमन

एक्टाक्रोम ही ईस्टमन कोडॅक या अमेरिकी कंपनीची रंगीत छायाचित्रण फिल्म आहे. १९४० च्या दशकात बाजारात आलेल्या या फिल्मचे उत्पादन कोडॅकने २०१२ मध्ये थांबवले. जानेवारी २०१७ मध्ये ते पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये 'एक्टाक्रोम ई१००' या नावाने ३५ मिलिमीटरचे रोल विक्रीस आले.

स्वरूप

निगेटिव्ह फिल्मवर दृश्याच्या उलट छटा उमटतात. एक्टाक्रोमचा रोल धुतल्यावर मात्र मूळ रंगांतील पारदर्शक चित्र, म्हणजेच स्लाइड मिळते. ती प्रक्षेपकाने पडद्यावर दाखवता येते. फिल्मवरील जिलेटिनच्या थरांत सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक आणि रंग निर्माण करणारे घटक असतात. 'ई-६' या प्रक्रियेत सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाला पहिले विकसन होते, पुढे रंग तयार होतात व शेवटी चांदी काढून टाकली जाते.

पुनरुत्पादन

डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मची मागणी घटली आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. पुढे फिल्मकडे पुन्हा ओढा निर्माण झाला, तरी जुने उत्पादन जसेच्या तसे सुरू करणे शक्य नव्हते. काही कच्चा माल मिळेनासा झाला होता. त्यामुळे घटकांची नव्याने जुळवाजुळव करावी लागली.

आशा आणि चिंता

या पुनरागमनामुळे बंद पडलेल्या अन्य फिल्मही परततील, अशी आशा निर्माण झाली. तथापि फिल्म एकटी टिकत नाही. तिला रसायने, प्रयोगशाळा आणि कॅमेरा दुरुस्त करणारे कारागीर लागतात. कोडॅकच्याच कोडाक्रोमचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. रंगघटक धुलाईच्या वेळी पुरवावे लागत असल्याने तिची प्रक्रिया गुंतागुंतीची होती. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल स्वीकारणे बंद केले. तेव्हा न धुतलेल्या रोलांतील रंगीत चित्रे मिळण्याचा मार्गच खुंटला.

भारतातील स्थिती

उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म बनवीत असे. ती बंद पडल्यामुळे भारतीय छायाचित्रकारांना आयात मालावर विसंबावे लागते. परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या तालुक्याच्या गावी पूर्वी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल रोल धुणे शक्य असे. स्लाइडच्या रोलाला मात्र नेमके तापमान राखणारी व्यवस्था हवी. म्हणून अशा ठिकाणच्या हौशी छायाचित्रकाराच्या दृष्टीने रोलाच्या किमतीइतकाच तो कोठे धुऊन मिळेल हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.