मेस्ताची शाळा

गोव्यात चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकायला गेलेल्या मुलाच्या हाती व्हायोलिन लवकर येत नसे. आधी सोल्फेज. पाच रेघांवर मांडलेले स्वर नुसते पाहायचे आणि दो-रे-मी-फा-सोल-ला-सी अशी त्यांची नावं घेत सुरात गायचे. गाताना एका हाताने हवेत मात्रा मोजायच्या. हे महिनोन्महिने चाले. कागदावरचा काळा ठिपका दिसताक्षणी गळ्यातून नेमका सूर निघू लागला, की मग कुठे वाद्य. आपल्याकडे गुरूच्या गळ्यातलं ऐकून शिष्याने उचलायचं असतं. इथे गळ्याच्याही आधी डोळा तयार करत. पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचं रूप पालटलं, त्यात या एका सवयीचा वाटा फार मोठा आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांनी गोव्यात चर्चला जोडून गावोगाव या शाळा काढल्या. संगीताचा प्रसार हा त्यांचा हेतू नव्हता, हे आधीच सांगून टाकावं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या मुलांना अक्षरओळख द्यायची, प्रार्थना पाठ करून घ्यायच्या आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लॅटिनमध्ये गाणारी पोरं तयार ठेवायची, हे त्यांचं काम. याच राजवटीत इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानातून ख्रिस्ती लग्नांत देशी वाद्यं वाजवायला बंदी घातली होती. शाळेचं कौतुक करताना ते फर्मान झाकून ठेवायचं कारण नाही. लोकांनी मात्र दोन्ही पचवलं. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडो या कोंकणी गीतप्रकारात चर्चमधलं व्हायोलिन आणि मातीचं घुमट शेजारी शेजारी बसले, ते कुणाच्या फर्मानाने नव्हे.

शाळेचा कणा म्हणजे मेस्त. चर्चचा गायनप्रमुख, व्हायोलिनवादक, संगीताचा मास्तर आणि वेळ पडली तर संगीतकारही तोच. चाळीस दिवसांच्या उपासकाळात गायची मोतेतं, म्हणजे धार्मिक गीतं, बऱ्याच मेस्तांनी स्वतः रचली. लॅटिन शब्द, दोन-तीन आवाज, साथीला व्हायोलिनं, क्लॅरिनेट आणि खर्जात डबलबास. पगार चर्चकडून, तोही बेताचाच. त्यामुळे लग्न, मयत, लदीन (प्रार्थनागायन), फेस्त (चर्चचा उत्सव) अशा प्रसंगांची बिदागी हा त्याचा आधार असे. गावात त्याला मान होता, पैसा नव्हता. संगीत शिकवणाऱ्यांच्या बाबतीत ही वाटणी सगळीकडे सारखीच दिसते.

ही शाळा इतकी टिकली कशी? माझ्या मते शिस्त किंवा भक्ती ही कारणं दुय्यम आहेत. खरं कारण असं, की शिकलेलं तिथे लगेच कामाला येई. आठवडाभर घोटलेला तुकडा रविवारी चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर वाजवायचा असे. उपासकाळात मोतेतं, मे महिन्यात क्रुसापुढची लदीनं, पावसाळा सरल्यावर फेस्तं, मग नाताळ, असं गावाचं सारं वर्ष वाजवणाऱ्यांवर अवलंबून होतं. दहा वर्षांच्या पोराला कळायचं, की आपण गेलो नाही तर दुसऱ्या व्हायोलिनची ओळ रिकामी राहील. परीक्षेतल्या गुणांपेक्षा ही जाणीव पोराला सरावाला बसवते. आपली कुणाला तरी गरज आहे, एवढं त्या वयाला पुरतं.

उणिवाही होत्याच. शाळा ख्रिस्ती मुलांसाठी होती. चर्चमधल्या संघांत जातीची उतरंड शिरली होती. वाद्य हाती घेऊन पोटापाण्याला बाहेर पडायची मुभा मुलग्यांनाच होती. मुली गायच्या, घरी पियानो वाजवायच्या, आणि बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबायचं.

गोव्यात जमीन थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या. त्यामुळे गावचा तरुण मुंबईची वाट धरी, तेव्हा ट्रंकेसोबत बऱ्याचदा व्हायोलिनची पेटी असे. उतरायला धोबीतलावच्या आसपासची कूड, म्हणजे आपापल्या गावाच्या नावाने चालणारं वसतिगृह. तिथून कुणी बोटीवरच्या बँडमध्ये, कुणी संस्थानिकाच्या पदरी, कुणी मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोर, तर कुणी हॉटेलांत जॅझ वाजवायला जाई. बोलपट आला आणि या मंडळींना स्टुडिओचं दार उघडलं.

सिनेमाच्या गाण्यात त्यांचं काम काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बसवी. ती चाल पन्नास-साठ वादकांत वाटायची कशी? कुणी कुठे सुरू व्हायचं, कुठे गप्प बसायचं, गायिकेने श्वास घेतला की त्या फटीत कुणी शिरायचं, हे सगळं अरेंजर लिहून काढी. मग प्रत्येकापुढे त्याच्या भागाचा कागद ठेवला जाई आणि तो पाहूनच वाजवायचा. ध्वनिमुद्रण सगळ्यांचं एकदम व्हायचं. एकाचा सूर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. समोर आलेला कागद तिथल्या तिथे वाचून बिनचूक वाजवणारे इतके लोक एका शहरात मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. मुंबईला ते मिळाले, कारण गोव्यातल्या साष्टी-बार्देशच्या मेस्तांनी त्यांच्याकडून पोरवयात सोल्फेज घोटून घेतलं होतं.

सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं वाद्यवृंदाची रचना केली. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांनी, त्यांना साहाय्यक म्हणून घेतलं. रामचंद्रांचं संगीत असलेला ‘अलबेला’ (१९५१) पाहताना पायांनी ताल धरला नाही असा मराठी माणूस विरळा. त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड स्टुडिओत रमले आणि पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपटही काढले. पण श्रेयनामावलीत या मंडळींची नावं शोधायला भिंगच लागतं.

सगळ्यांत बोलकी कहाणी अँथनी गोन्साल्विस यांची. माजोर्डा गावच्या चर्चचे गायनप्रमुख हे त्यांचे वडील आणि तेच त्यांचे पहिले गुरू. अँथनी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले. वाजवता वाजवता ते शिकवूही लागले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक, आणि त्यांनीही कित्येक गरजू पोरांना स्वरलेखन शिकवून पोटाला लावलं. म्हणजे मेस्ताचं काम गोव्याबाहेर, चर्चबाहेरही सुरू झालं होतं. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यात रागदारी आणि पाश्चात्त्य मेळ एकत्र आणले होते आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते. पुढे ते अमेरिकेला गेले, परत माजोर्ड्याला आले आणि २०१२ मध्ये गोव्यातच वारले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात अमिताभ बच्चन जे नाव सांगतात, ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेलं वंदन आहे. देशभर ते नाव गाजलं. गुरू कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

गावोगावच्या या शाळा विसाव्या शतकात आटत गेल्या. मुलं सरकारी आणि इंग्रजी शाळांत गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून कोंकणीत आली, गिटारही आली, आणि मेस्ताचं जुनं भांडार अडगळीत पडलं. स्टुडिओत सिंथेसायझर आल्यावर वादकांच्या रांगाही उठल्या. पाश्चात्त्य संगीताच्या पद्धतशीर शिक्षणाचं काम आता पणजीत कला अकादमी करते, पण तिथवर पोहोचायला फी लागते, घरचं पाठबळही लागतं.

हे दोन्ही नसलेल्या मुलांसाठी डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ सुरू केलं. पेशाने डॉक्टर, कामानिमित्त इंग्लंडमध्ये राहिलेले. तिथे २००७ च्या प्रॉम्स महोत्सवात त्यांनी व्हेनेझुएलाच्या तरुणांचा सिमोन बोलिव्हार वाद्यवृंद ऐकला. गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्य देऊन थेट वाद्यवृंदात बसवण्याची ‘एल सिस्तेमा’ ही चळवळ होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकासमध्ये सुरू केली होती. हा वाद्यवृंद तिचंच फळ. डायस गोव्यात परतले आणि पणजीत स्थलांतरित मजुरांच्या मुलांना व्हायोलिन, चेलो विनामूल्य शिकवण्याची सोय केली. ज्यांच्या आईबापांना गोव्यात ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणून ओळखतात, त्यांची मुलं आता एकत्र बसून बाख वाजवतात. जुन्या शाळेची धर्म-जातीची चौकट इथे नाही. एकट्याने शिकायचं आणि सगळ्यांत वाजवायचं, ही रीत मात्र तीच.

ही रीत केवळ चर्चची नाही. गोव्यात देवळादेवळांत भजनी मंडळं आहेत, आणि कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर भजन स्पर्धेत मुलांची पथकंही उतरतात. तिथेही पोराच्या हाती आधी टाळ येतात, सगळ्यांबरोबर वाजवायला; पेटी, पखवाज नंतर. आपल्या शहरांतल्या क्लासांत मात्र उलटं चाललं आहे. मूल प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्या चढतं, प्रमाणपत्रं फाइलला लागतात आणि दहावीचं वर्ष आलं की पेटी पलंगाखाली जाते. वर्षभरात त्याने चार माणसांसमोर, चार माणसांबरोबर कधी वाजवलेलंच नसतं, मग ती पेटी बाहेर काढायची कुणासाठी?

तुमच्या मुलाला कुठल्या क्लासला घालावं, हे विचारत फिरण्याआधी गल्लीत गणपतीची आरती होते तिथे, गावच्या सप्ताहात किंवा शाळेच्या प्रार्थनेत त्याला वाजवायला जागा मागा. मंडळाचे कार्यकर्ते असाल तर यंदा स्पीकर एक कमी लावा आणि पोरांसाठी तासभर राखून ठेवा.